जाळी कोणी धुतली

१

दौलतभाईंना दमा नसता तर डहाणूजवळच्या आगर गावातल्या त्या घरात एसी आलाच नसता. त्यांच्या बायकोला, रंभाला, त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. समुद्र जवळ, सभोवती चिकूची वाडी, ओट्यावर बसलं की वारा आपणहून अंगावर येतो. मग दारं-खिडक्या लावून आत कशाला कोंडून घ्यायचं, असं ती म्हणे. पण डॉक्टरांनी दौलतभाईंना धूळ आणि उकाडा दोन्हींपासून जपायला सांगितलं, आणि तलासरीला बायको दिशाबरोबर राहून हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या त्यांच्या मुलाने, प्रितेशने, मागच्या खोलीत एसी बसवून टाकला.

एकदा घरात आल्यावर मात्र रंभाने तो आपल्या हाताखाली घेतला. वस्तू घ्यायची तर ती टिकली पाहिजे, हा तिचा स्वभावच. किनाऱ्यावरच्या बंगल्यांतले एसी खाऱ्या हवेने बघता बघता सडायचे. डहाणू रोडचा मेकॅनिक मनिष पहिल्याच सर्व्हिसिंगला सांगून गेला होता, "काकी, याची निगा राखाल तर तो तुमची राखेल." तेव्हापासून दर पंधरवड्याला ती स्टूलवर चढायची, पुढचं झाकण उचलून आतल्या दोन्ही जाळ्या काढायची, नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासायची आणि सावलीत वाळवून परत बसवायची. घरामागच्या युनिटवर गोड्या पाण्याचा पाइप मारून मीठ उतरवायची, त्यात अडकलेली चिकूची पानं वेचायची, पाणी जायची नळी तुंबली नाही ना ते बघायची. रिमोटचा आकडा कोणी सव्वीसच्या खाली नेला तर घरात महाभारत व्हायचं.

एप्रिलमधल्या एका सकाळी ती अशीच स्टूलवर चढली. झाकण उचललं, डाव्या हाताची जाळी ओढली आणि तिचा हात वरच थांबला.

जाळी स्वच्छ होती. धुळीचा एक कण नव्हता. आणि ती ओली होती. कडेवरून एक थेंब ओघळला आणि रंभाच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

२

"जाळी कोणी धुतली?" स्वयंपाकघरात येऊन रंभाने विचारलं.

शुक्री भांडी घासत होती. कैनाडहून रोज रिक्षाने येणारी ही बाई कित्येक वर्षं या घरात काम करत होती, आणि रंभाच्या आवाजावरून आजचा दिवस कसा जाणार हे ती ओळखायची.

"कंची जाळी?"

"एसीची. तुला सांगितलं होतं ना, त्याला हात लावायचा नाही म्हणून?"

"म्हणून तर नाय लावला."

"मग आपोआप धुतली गेली का?"

शुक्रीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "काकी, चांगलं काम केलं असतं तर मी लपवलं कशाला असतं? मोठ्यानं सांगितलं असतं. न केलेलं काम केलं म्हणून कसं सांगू?"

यावर रंभाचा पारा आणखी चढला. ती बरंच बोलली. शुक्रीने भांडी पुरी केली, हात पुसले आणि चहा न घेता निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही.

दौलतभाईंना विचारलं तर ते पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले, "झाली ना साफ? मग झालं."

शेवटी तिने प्रितेशला फोन केला. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याने अर्धवटच ऐकलं. "आई, तूच धुतली असशील. विसरलीस."

"मी विसरले?"

"होतं गं या वयात. दिशाच्या मावशीचं पण असंच सुरू झालं होतं. आधी बारीकसारीक गोष्टी. आपण एकदा डॉक्टरला दाखवू."

रंभाने फोन ठेवला. अंगाची लाही लाही झाली होती तिच्या. वाडीतलं कोणतं झाड कोणत्या साली लावलं, कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, प्रितेशला गोवर आला तेव्हा दारात कोणती गाय उभी होती, सगळं तिला तोंडपाठ. आणि ही म्हणे विसरली. पोटच्या पोराने दोन मिनिटांत ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात तिने पुन्हा झाकण उचलून पाहिलं. शुक्री अजून कामावर परतली नव्हती. जाळी ओली होती.

३

आपण झोपेत उठून हे करत नाही ना, ही शंका तिला स्वतःलाही आली. रंभा तशी प्रामाणिक होती. दुसऱ्यावर आळ घ्यायचा तर आधी स्वतःला तपासायचं. तिने स्टूल आपल्या खोलीत नेऊन कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. कुलूप लावायच्या आधी मात्र हळद पाण्यात कालवून दोन्ही जाळ्यांच्या चौकटीवर, आतल्या कोपऱ्यात, अंगठा उमटवला. तिथे ब्रश पोचत नाही हे तिला माहीत होतं. हळद सहजी जाणारी नाही. गेलीच, तर काय ते कळेल.

मग काही दिवस काहीच झालं नाही. शुक्री परत आली, दोघी कामापुरतं बोलू लागल्या. रंभाला वाटलं, चला, आपलंच काहीतरी चुकलं होतं.

एका दुपारी ती बाजूच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. दौलतभाई एसीच्या खोलीत झोपले होते. शुक्री केव्हाच गेली होती. वाडीतही कोणी नव्हतं, फक्त लांबून मोटारपंपाची धडधड येत होती. आणि त्या धडधडीच्या आतून दुसरा एक आवाज आला.

घस्स. घस्स. जरा थांबून, घस्स.

तो आवाज ओळखायला तिला क्षणही लागला नाही. वर्षानुवर्षं तोच आवाज ती स्वतः मोरीत बसून करत आली होती. बारीक जाळीवर मऊ ब्रश. हातातली चादर तशीच टाकून ती मोरीत गेली. ब्रश फळीवर होता, आणि कोरडा ठणठणीत होता. आवाज चालूच होता. मोरीतून नव्हे, भिंतीच्या पलीकडून.

ती पाय न वाजवता गेली आणि तिने खोलीचं दार ढकललं. आवाज थांबला. वारा पडला की पान थांबतं तसा नाही; आपल्याला कोणी पाहिलं हे कळल्यावर माणूस हातातलं काम थांबवतो तसा. आत गारवा होता. दौलतभाई तोंडावर पांघरूण घेऊन झोपले होते. एसी मंद चालू होता.

कुलपातलं स्टूल आणून, एसी बंद करून तिने झाकण उचललं. जाळ्या ओल्या. हळदीचा मागमूस नाही. आतला कोपरा, जिथे तिचा स्वतःचा ब्रश कधी गेला नव्हता, तोही नव्या कोऱ्या वस्तूसारखा पांढरा.

भीती वाटली, पण ती नंतर. आधी आला तो संताप. आपल्या घरात, आपल्या वस्तूवर, आपण उमटवलेला अंगठा पुसायचा कोणाला काय अधिकार? तिने झाकण आपटून लावलं आणि मनिषला बोलावून घेतलं.

मनिषने आतलं युनिट पाहिलं, मागे जाऊन बाहेरचं उघडलं, आणि मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला.

"काकी, तुम्ही याला करता तरी काय? या हवेत पत्रा असा राहत नाय. खोक्यातून काढल्यासारखा आहे."

"मी काही करत नाही. तेच तर सांगतेय. दुसरंच कोणीतरी करतंय."

मनिष हसला. त्याला ती गंमत वाटली. हत्यारं पिशवीत भरताना त्याने खिडकीतून आत पाहिलं. "आणि भाईंची तब्येत पण एकदम फर्स्टक्लास दिसते की. मागच्या वेळी आलो तेव्हा बोलायला दम पुरत नव्हता त्यांना."

४

मनिष गेला आणि रंभा ओट्यावर तशीच बसून राहिली.

जाळीच्या नादात नवऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. खोकला किती दिवसांत ऐकला नाही, हे ती आठवून पाहू लागली आणि तिला आठवेना. पहाटेचा तो ओढाताणीचा खोकला, ज्याने सगळं घर उठायचं, तो गेला होता. इन्हेलर कपाटावर धूळ खात पडला होता.

खरं तर आनंद व्हायला हवा होता. ती आत गेली, पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने नवऱ्याचा हात हातात घेतला. हात गार होता. नखं कापलेली होती. नुसती कापलेली नाही, तर कडा घासून गोल केलेल्या, आणि नखांच्या आतली वाडीची माती, जी जन्मभर कधी निघाली नव्हती, ती गेलेली. कानांतले केस नव्हते. त्यांनी जांभई दिली तेव्हा तिला दात दिसले. आयुष्यभर मशेरी लावून काळे पडलेले दात लहान मुलासारखे पांढरे होते.

"अहो, हे कोणी केलं?"

"काय?"

"नखं. दात. कोणी केलं हे?"

"कोण कशाला?" दौलतभाई शांतपणे म्हणाले. "साफ झालं. बरं वाटतं."

त्या शांतपणाने ती जास्त घाबरली. दौलतभाई म्हणजे तापट माणूस. बातम्या लागल्या की टीव्हीशी भांडायचे, पाटाचं पाणी उशिरा सुटलं तर सगळ्या गावाचा उद्धार करायचे. लग्न झाल्यापासून रंभाचं आणि त्यांचं रोज एकदा तरी वाजल्याशिवाय दिवस मावळला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम डाळीत मीठ घातलं नाही. पूर्वी ताट भिंतीवर गेलं असतं. ते खाली मान घालून जेवले.

"डाळ कशी झालीय?"

"चांगली आहे."

"अळणी आहे ती."

"असू दे. चांगली आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. इतक्या वर्षांचा हा भांडखोर माणूस तिने सोसला, सांभाळला, त्याच्यावर जीव लावला. आता कोणीतरी आत शिरून त्याच्यातला तोच भाग धुऊन नेला होता, आणि तिला विचारलंही नव्हतं.

दुपारी ते झोपल्यावर तिने त्यांच्या छातीला कान लावला. दम्याची ती शिट्टी नव्हती. श्वास एका लयीत येत होता, एका लयीत जात होता, कमी नाही, जास्त नाही, आणि नाकातून बाहेर पडणारी हवा गार आणि कोरडी होती. ती कान काढणार तेवढ्यात खोलवर, फासळ्यांच्या मागे, तिला ते ऐकू आलं.

घस्स. घस्स. जरा थांबून, घस्स.

५

रविवारी प्रितेश आला. रंभाने त्याला फोनवर काहीच सांगितलं नव्हतं. फक्त ये म्हणाली होती. पप्पा उठून बसलेले, अंघोळ केल्यासारखे तुकतुकीत, बघून तो खूश झाला.

"बघ, मी सांगत नव्हतो? एसी पाहिजेच होता."

"ते झोपू देत. मग छातीला कान लाव."

"आई, पुन्हा सुरू करू नकोस."

"मी खुळी झाले असेन तर तुला काही ऐकू येणार नाही. मग मी तुझ्याबरोबर डॉक्टरकडे येते, जिथे म्हणशील तिथे येते. पण आधी कान लाव."

जेवण झालं. दौलतभाई आडवे झाले आणि कळ दाबून बंद केल्यासारखे लगेच झोपले. प्रितेश तिच्याकडे बघून हसला, लहान पोराची समजूत काढावी तसा, आणि वाकला.

रंभा त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. आधी हसू तसंच राहिलं. मग ते ओठांवरच राहिलं आणि डोळ्यांतून गेलं. मग त्याने श्वास रोखला. त्याचे कान लाल झाले, गाल पांढरे पडले. त्याचा हात बापाच्या खांद्यावर होता. तो त्याने हळूच उचलला, गरम भांड्यावरून उचलावा तसा. आणि तो सरळ झाला.

"ऐकलंस?"

प्रितेश खिडकीकडे बघत होता.

"श्वास चांगला चाललाय त्यांचा," तो म्हणाला.

"प्रितेश, माझ्याकडे बघ. ऐकलंस ना?"

"काही नाही ऐकलं. पप्पा बरे आहेत. तू उगाच..." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "बरे आहेत ना ते? मग राहू दे ना, आई. कशाला उकरून काढायचं?"

चहा ठेवला होता, तो त्याने घेतला नाही. दर वेळी निघताना तो बापाच्या पायाला हात लावायचा. त्या दिवशी तो खोलीच्या उंबऱ्यापर्यंतही परत गेला नाही. वळवताना त्याची मोटारसायकल दोनदा बंद पडली.

रंभा दारात उभी होती. त्याने तिला विसराळू ठरवलं होतं, तेव्हाचा राग या रागापुढे काहीच नव्हता. तेव्हा त्याला माहीत नव्हतं. आता त्याने स्वतःच्या कानाने ऐकलं होतं, आणि तरी आईला वेडी ठरवून बापाला तिथेच ठेवून तो निघून गेला होता.

६

सोमवारी शुक्री आली तशी रंभा म्हणाली, "भांडी राहू दे. आधी भाईंना बाहेर काढायचंय."

शुक्रीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पदर खोचला.

रंभाने मेन स्विच पाडला. खोलीतला मंद दिवा गेला, एसीचा आवाज हळूहळू उतरत थांबला. दौलतभाई जागेच होते. दोघींनी त्यांच्या काखेत हात घातले. ते हलले नाहीत. अंगाने रोडावलेला माणूस, पण भिंतीत रोवलेल्या खुंटीसारखा घट्ट झाला होता.

"अहो, उठा. ओट्यावर चला."

"आत्ता नको," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, विनवणीही नव्हती. "माझं अजून व्हायचंय. अर्धंच झालंय."

शुक्रीने पकड सोडली नाही. "ओढा, काकी," ती म्हणाली.

दोघींनी ओढलं. पलंग करकरला, चादर त्यांच्याबरोबर फरपटत आली. दारापर्यंत त्यांना आणेस्तोवर रंभाच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. उंबऱ्यावर शुक्रीने एकटीने भार घेतला आणि रंभा दार ओढून घ्यायला मागे वळली.

वीज बंद होती. तरी एसीचं पुढचं झाकण उचललं जात होतं. सावकाश, तिच्याच सवयीने, दोन्ही कडा सारख्या धरून.

झाकणाच्या मागे जाळी होती, आणि जाळीच्या मागे कोणी मावेल एवढी जागा नव्हती, वीतभर यंत्र होतं आणि मग भिंत. त्या जागेतून जाळीला चार ठिकाणी फुगवटा आला. मच्छरदाणीला आतून कोणी बोटं लावावीत तसा. मग शेजारी आणखी चार. बोटं बारीक होती, आणि ती जाळीवरून खाली खाली चाचपत येत होती, पलंगाच्या दिशेने, रिकाम्या झालेल्या जागेकडे. पाण्याचा एक थेंब उशीवर पडला.

"तो माझा माणूस आहे," रंभा म्हणाली. तिचा आवाज इतका चढला होता की ओट्यावर शुक्री दचकली. "मला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही."

बोटं थांबली. सगळी एकदम तिच्याकडे वळल्यासारखी झाली.

रंभाने दार ओढलं आणि कडी घातली.

ओट्यावर दौलतभाई खांबाला टेकून बसले होते, डोळे उघडे, श्वास तसाच, एका लयीत. रंभाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. मग दुसरी. ती त्यांना घालूनपाडून बोलू लागली. अळणी डाळ गिळलीत, तोंडातून शब्द काढला नाहीत, लाज नाही वाटली, आयुष्यभर माझ्यावर खेकसलात आणि आता मला सोडून गप्प कुठे निघालात. शुक्री तोंडावर पदर धरून उभी होती. वाडीतून गरम वारा आला, त्याबरोबर धूळ आणि वाळक्या पानांचा वास. रंभा मारत होती, बोलत होती, तिचा घसा बसला.

मग त्यांच्या छातीत काहीतरी अडलं. लय चुकली. खांदे वर गेले, गळ्याच्या शिरा ताठल्या, आणि तो जुना, ओढाताणीचा, घर उठवणारा खोकला बाहेर आला. त्याबरोबर पाणी आलं, स्वच्छ, बर्फासारखं गार. खोकून खोकून त्यांचा चेहरा जांभळा झाला. श्वास मिळाला तेव्हा त्यांनी बायकोचा हात झिडकारला.

"मारतेस काय गं, मेल्ये," दौलतभाई म्हणाले.

रंभा खाली बसली आणि रडू लागली.

७

एसी मनिषने उतरवून नेला. इतकं चांगलं चालणारं यंत्र का काढता, हे त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. भिंतीतल्या पाइपच्या भोकात रंभाने त्याच्याकडूनच सिमेंट भरून घेतलं, आणि खोलीला कुलूप लावलं.

दौलतभाईंचा पलंग ओट्यावर आला. खोकला परत आला आणि पहिल्यापेक्षा जास्त आला. बोलताना ते धापा टाकायचे. येणारे-जाणारे हळहळायचे, मध्ये किती छान सुधारले होते भाई, असं तिच्या तोंडावर म्हणायचे. सुनेने, दिशाने, फोनवर स्पष्टच विचारलं, "आई, पप्पांना बरं वाटत होतं ते तुम्हाला बघवलं नाही का?" प्रितेश फोनवर यायचाच नाही.

रंभा सगळं ऐकून घ्यायची. कोणाला काय सांगणार? जास्त दिवस जगला असता तिचा नवरा, हे खरं होतं. ते तिने त्याच्याकडून काढून घेतलं होतं, हेही खरं. वाफ देताना, पाठ चोळताना, त्यांच्या शिव्या खाताना तिला मधूनच त्याची टोचणी लागायची. पण दुसरं काही तिला करता आलं नसतं.

मे महिना उतरला. एका दुपारी ती ओट्यावर चिकू निवडत होती. वाडीत वारा नव्हता. आणि एकाएकी तिच्या लक्षात आलं की खोकला थांबलाय.

तिने वर पाहिलं. दौलतभाई उठून बसले होते. मान वळवून ते घराच्या आत, त्या कुलूप लावलेल्या दाराकडे बघत होते. चेहऱ्यावर तो शांतपणा होता.

"काय झालं?"

"बोलावतायत," ते म्हणाले.

रंभाने कान दिला. तिला काहीच ऐकू आलं नाही. त्यांना ऐकू येत होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी एक पाय पलंगावरून खाली सोडला.

तिने हातातला चिकू परडीत ठेवला. खुर्ची उचलली, ती पलंग आणि दार यांच्या मधोमध आणून टेकवली आणि दाराकडे पाठ करून तीवर बसली. मग परडी मांडीवर ओढून घेतली.

"बोलावू देत," ती म्हणाली. "मी बसलेय इथं. तुम्ही पाय वर घ्या."